डुक्कर-प्रूफ धान

२ जून
रिपोर्ट आला! गेल्या दिवाळीत रानडुकरांनी शिवारातल्या धानाच्या साऱ्या बांध्या तुडवल्या, शेजारच्या कवडूकाकाची तेवढी सोडली. लोक म्हणाले, नशीब. मी एम.एस्सी. बायोइन्फर्मॅटिक्स! काकाच्या बांधाजवळच्या धानाची पानं तोडून डीएनए तपासायला नागपूरच्या लॅबला पाठवली होती.

३ जून, सकाळी ५:१०
डेटात धानाशी न जुळणारे डीएनएचे तुकडे सापडले. डेटाबेस म्हणतो, माणसाचे. म्हणजे धानात माणसाचा जीन! डुकराला माणसाचा वास येतो, ते पळतं. सिंपल. सत्काराला कोट कोणता घालू, बायकोला विचारलं. रीना म्हणाली, आधी कवडूकाकाले तर विचारा. काहून विचारू? काका दहावी फेल.

२० जून
काकाकडून बियाणं आणलं. कायले पाहिजे, त्यांनी विचारलं. पेटंटपायी सांगितलं नाही. बाबांना शब्द दिला, यंदा रात्रीची जागल बंद. दोन्ही बांध्या डुक्कर-प्रूफ. बाबा म्हणाले, "वर्षाचं खाणं आहे बाप्पा ते आपलं."

२८ जुलै
रोवणी झाली. रिसर्च पेपरचं पहिलं वाक्य लिहिलं. दुसरं सोमवारपासून.

९ ऑक्टोबर
एका कोपऱ्यात डुकरं शिरली. आउटलायर. बाबांनी जागलीचा टॉर्च काढला. मी परत ठेवला. विज्ञानावर विश्वास पाहिजे.

१४ ऑक्टोबर
एक बांधी साफ. डुकरांमध्ये म्युटेशन झालं असावं. बाबा जेवले नाहीत.

१५ ऑक्टोबर
काकाजवळ सहज विषय काढला. विचारलं असं नाही. ते म्हणाले, "लिलाधरच्या सलूनमधले केस आणून टाकतो न बांधावर. माणसाचा वास येते, डुक्कर फिरकत नाही." सांगितलं काहून नाही? "तू विचारलंच कवा?"
म्हणजे पानांना केस चिकटले होते. लाज वाटली. तरी नोंद करून ठेवतो, वासाची थिअरी माझी बरोबरच होती.

१६ ऑक्टोबर
दुसरी बांधी वाचवायला पोतं घेऊन सलूनमध्ये गेलो. केसांची बातमी फुटलेली. दिवाळीपर्यंतचे केस बुक! लिलाधर म्हणाला, "भाऊ, तुमचेच देता का?" दिले. सगळे. तीन हात बांधाला पुरले.

१७ ऑक्टोबर
दुसरीही गेली.
सकाळपासून घरी लोकांची रीघ. माझं तुळतुळीत डोकं पाहून गावानं काय समजायचं ते समजून घेतलं. मोहाडीची आत्या तर ऑटोतूनच रडत उतरली, "माझा धनीरामदादा गेला वो!"
बाबा ओसरीवर बसून एकेकाला सांगून राहिले, "मी जित्ता आहो. तेरवी धानाची आहे. बसा."