ताईची मोतिया साडी

रविवार संध्याकाळ, अमरावती

ताई आज अकोल्याहून आली. मोतिया रंगाची साडी नेसून! गर्भपिशवी काढून तिला सहा महिने झाले. माझ्या अंगावरून इतकं जातं, की तीन वर्षं मी गडद साड्याच नेसते, उठताना आधी मागे बघते. ती खुशाल सतरंजीवर बसली, उठली. त्या मोतिया साडीचा एवढा राग का यावा मला? सख्ख्या बहिणीचा हेवा!

डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलंय, काढून टाका. मीच घाबरते.

"ताई, रिकामं वाटते का वं?"

"पहिला महिना लय रडली मी. आता झोप लागते. तू कावून भिऊन राहिली?"

मी चहा ठेवायला उठले, आधी मागे बघून.

ती गेल्यावर यांना म्हटलं, "उद्या ऑपरेशनची तारीख घेऊन येऊ."

हेव्यापोटी का होईना, ठरलं.