शिक्षिकाबाईंची वेणी

अहो,

माझं बरं चाललंय, काळजी नको. संधिवाताच्या नव्या औषधाची चाचणी सुरू होऊन सहा आठवडे झाले.

शेजारच्या खाटेवरच्या शिक्षिकाबाईंची सूज पार उतरली. काल त्यांनी स्वतःची वेणी घातली! माझी बोटं आहेत तशीच. कुणाला खरं औषध आणि कुणाला नुसती साखरेची गोळी, हे इथल्या डॉक्टरांनाही ठाऊक नसतं म्हणे. मला बाईंचा इतका हेवा वाटला की दिवसभर मी त्यांच्याशी बोललेच नाही.

सासूबाई वेळेवर जेवतात ना?

अक्षर माझं नाही हे ओळखलंच असेल; हे पत्र शिक्षिकाबाईच लिहून देताहेत. हेव्यापाशी मी अडखळले, तर म्हणाल्या, "सांगा हो, लिहिते मी. तुमच्या जागी मीही जळलेच असते."

तुमचीच,
घरी यायला आतुर