आखूड ओंडके

९ नोव्हेंबर, दुपारची सुट्टी

ती. ताईस,

धाकटीचा नमस्कार. अक्षर ओळखूनही पाकीट फोडलंस, हेच खूप झालं. तीन वर्षांनी लिहितेय. न फोडता ठेवलं असतंस तरी मी काय बोलणार होते?

मी खुशाल आहे, आणि हे नुसतं लिहायचं म्हणून लिहीत नाही. समुद्राकाठी, दलदलीतल्या एका गावात मुक्काम आहे. इथे दवाखाना बांधतायत. पाया खणताना जुनं काही निघतं का, हे बघायला मला नेमलंय. गमबूट घालून दिवसभर जेसीबीशेजारी उभं राहायचं, प्रत्येक बकेटमधला चिखल डोळ्यांत तेल घालून बघायचा आणि संध्याकाळी वहीत लिहायचं, 'काही आढळलं नाही.' तू म्हणायचीस ना, एवढं शिकून शेवटी मातीच कालवणार! कालवतेय. झोपही छान लागते.

जेसीबीचा ड्रायव्हर इथलाच, पन्नाशीचा, मिश्कील. पहिल्याच आठवड्यात मी हात वर करून त्याला थांबवलं. काळ्या मातीत टोकदार लाकूड दिसलं होतं. दोन तास गुडघ्यांवर बसून मी ते मोकळं केलं, मोजलं, फोटो काढले. तो सीटवर बसून निवांत डबा खात होता. शेवटी म्हणाला, "बाई, माझ्या बकरीचा खुंटा आहे तो. मीच ठोकला होता."

"मग आधी बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

हात दाखवून अवलक्षण! गावाला आठवडाभर हसायला पुरलं. मीही हसले, पण त्याचं ते वाक्य मात्र डोक्यातून जाईना.

मग गेल्या मंगळवारी खरंच काहीतरी लागलं. पुरुषभर खोल, एकापुढे एक आडवे टाकलेले ओंडके. चिखल ओलांडायची वाट. या वेळी आधी ड्रायव्हरला विचारलं. तो खाली उतरला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "ही माझी नाही. आजोबांचीसुद्धा नसावी." मग हळूच म्हणाला, "आता दवाखाना अडणार का हो? लेक पोटुशी आहे माझी." मी तडक इंजिनिअरला गाठलं. भला माणूस. त्याने दोन खांब सरकवले. लाकूड ओल्या चिखलातच टिकतं, म्हणून नकाशा काढून आज सकाळी आम्ही ती वाट पुन्हा झाकली. दवाखाना होणार, वाटही राहणार. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

ताई, त्या वाटेत एक गंमत होती. दर दोन मोठ्या ओंडक्यांच्या मध्ये एक आखूड ओंडका. मोठ्या माणसाला त्याची गरज नाही, ते अंतर एका ढांगेचं. कुणीतरी ते लहान पायांसाठी टाकले होते. मी तिथेच चिखलात बसले. आपल्या गल्लीत पाणी तुंबलं की दगडादगडांच्या मध्ये तू माझ्यासाठी वीट ठेवायचीस. "घाबरू नकोस, विटेवर पाय दे." मी पुढे गेले की मागची वीट उचलून पुन्हा पुढे आणायचीस. तुझे पाय घोट्यापर्यंत पाण्यात.

इतका वेळ इकडचं तिकडचं लिहिलं, आता मुद्द्याचं लिहिते. आई गेल्यावर तू घर रिकामं केलंस. मी आले तेव्हा तिचं कपाट नव्हतं, ट्रंक नव्हती, शिवणाचं मशीन नव्हतं. आणि पाहुण्यांसमोर मी ओरडले, की तू आईला भंगारात घातलंस. जुनं जपणं हा माझा पेशा, म्हणून जणू आईही मीच जपली होती! तिच्या आठ महिन्यांच्या आजारपणात मी आले ते चार दिवस. त्यातले दोन फोनवर गेले. माझं चुकलं, ताई. फार चुकलं.

खुंट्याबद्दल विचारलं नाही, तेव्हा नुसतं हसू झालं. तुला विचारलं नाही, तेव्हा मी तुला गमावलं.

म्हणून आता विचारते. ते आठ महिने तू एकटीने कसे काढलेस? वस्तूंचं राहू दे. तुझं सांग. वाटेल तेवढं लिही, वाटेल तसं रागाव. मी मध्ये बोलणार नाही.

तुझ्या विटांवर पाय देत कोरड्या पायांनी मोठी झालेली,
धाकटी