शेगडीत दोष नाही

७ नोव्हेंबर

पोचले एकदाची. बस रखडत रखडत आली, तरी मेहुणे स्टँडवर उभे होते. कान मफलरात, हात खिशात आणि चेहऱ्यावर चक्क हसू. त्यांच्या पाठीमागून चिमणी डोकावत होती. चिमणी म्हणजे माझी भाची, चौथीत आहे. शाळेत दुसरं नाव आहे, पण ते हजेरीपुरतं. तिची आई, माझी धाकटी बहीण, गेल्या फेब्रुवारीत गेली. तेव्हापासून मी पोरीला पाहिलं नव्हतं. हाडं नुसती लांबलीत. सगळे फ्रॉक आखूड झालेत. म्हणजे माझ्या हाताला काम आहे.

जन्मभर मुलींच्या शाळेत शिवण शिकवलं, लग्न केलं नाही, आता निवृत्त झाले. नातेवाइकांच्या लेखी अशी बाई म्हणजे रिकामी खुर्ची. कुणाचं बाळंतपण, कुणाचं ऑपरेशन, की बोलवा ताईला. एरवी ताई जिवंत आहे का, हे विचारायलाही कुणाला सवड नसते. पण या वेळी मी कुरकुर केली नाही. मेहुणे फोनवर म्हणाले, ताई, हिवाळ्यापुरत्या या, आणि मी बॅग भरायला घेतली.

घर उतारावर एकटंच आहे, वाऱ्याच्या तोंडावर. आत शिरले आणि जीव सुखावला. बैठकीच्या खोलीत लाकडांची शेगडी धडधडत होती, तिच्या काचेतून जाळ दिसत होता. या थंडीतला पहिला विस्तव आज माझ्यासाठी म्हणून घातला म्हणे. समोरच्या खुर्चीत बसले आणि कितीतरी दिवसांनी माझे पाय गरम झाले. मला इथं बरं वाटणार आहे.

१० नोव्हेंबर, रविवार

मेहुणे वेल्डर आहेत. शेगडी त्यांनी स्वतः बनवली, गेल्या वर्षी थंडी पडायच्या आधी. पत्रा कापण्यापासून दाराच्या बिजागरीपर्यंत सगळं हातचं. आज सुट्टी होती, तेव्हा मला ती पेटवायला शिकवली. चिमणी शेजारी बसून माझ्या चुका काढत होती.

तळाला कागदाचे बोळे, वर काटक्या, मग बारीक ढलप्या. मोठं लाकूड एकदम घालायचं नाही. पाइपातली झडप आधी सताड उघडी, जाळ नीट धरला की अर्धी ओढायची. लाकूड खडखडीत वाळलेलं हवं; दोन ओंडके एकमेकांवर आपटले की टणकन वाजले पाहिजेत. रंग दिलेली फळी जाळायची नाही. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत आणि बादली घराबाहेर. मी पिशवीतून टेप काढून शेगडीपासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजायला लागले तेव्हा ते हसले. अंतर भरपूर होतं. खाली दगडी फरशी, मागे पत्रा. माणूस व्यवस्थित आहे, हे कबूल करायला हवं.

एकच गोष्ट विचित्र दिसली. धुराचा पाइप भिंतीतून आडवा बाहेर जातो आणि छपराच्या खालीच संपतो. वर का नेला नाही, विचारलं. म्हणाले, छपराला भोक पाडलं की ते गळणार. आणि धूर काय, जातोच की.

पाइप बसवला त्या दिवशी बहीण म्हणाली होती, आता घरात दोन चिमण्या झाल्या, एक धूर सोडते आणि एक धुडगूस घालते. हे चिमणीनंच सांगितलं. आम्ही तिघंही हसलो.

१५ नोव्हेंबर

इथला वारा फटीफटीतून आत घुसतो. जुन्या चादरींच्या लांब सुरळ्या शिवल्या, आत चिंध्या कोंबल्या आणि दाराखिडक्यांना लावल्या. राहिलेल्या फटींवर मेहुण्यांनी चिकटपट्टी मारली. आता पडदासुद्धा हलत नाही. मेहुणे म्हणाले, ताई, तुम्ही आधीच यायला हवं होतं. बोलून गेले आणि मग उगाचच ओंडके रचत बसले.

दिवसभर घरात मी एकटी. ते कामावर, चिमणी शाळेत. जेवण झालं की शेगडीसमोर डुलकी लागते. ही खुर्ची बहिणीची. याच खुर्चीत ती दुपारी गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. खुर्ची बदलावी असं मनात येतं, पण सगळ्यात जास्त ऊब इथंच आहे.

२० नोव्हेंबर

डोकं जड. चष्म्याचा नंबर वाढला असणार. आज चिमणीच्या फ्रॉकला बाही उलटी जोडली. नवशिक्या पोरींना ज्यासाठी मी ओरडायचे, ती चूक.

बहिणीला बोलण्याआधी घसा खाकरायची सवय होती. दुपारी अगदी माझ्या मागं कुणीतरी तसं खाकरलं. वळून पाहिलं, कुणी नाही. संध्याकाळी मेहुण्यांना सांगितलं तर म्हणाले, पाइप तापला की वाजतो. हे सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

सकाळपासून पाइपाच्या बाजूचा वारा. मळमळतंय. दुपारी चिमणी शेगडीसमोर सतरंजीवर पसरली होती, गाल लालबुंद. तिला विचारलं, तुझंही डोकं दुखतं का. म्हणाली, थोडं दुखतं, पण मग आई येते.

काय म्हणालीस, असं मी दोनदा विचारलं. तिनं मला नीट समजावून सांगितलं, मठ्ठ मुलीला समजावतात तसं. उन्हाळ्यात आई येत नव्हती. शेगडी पेटली की येते. खूप ऊब झाली, झोप यायला लागली की येते. बोलत नाही, पण इथंच असते. बाबांनाही दिसते, ते सांगत नाहीत.

मेहुणे दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. मग लाकडं आणायला बाहेर गेले.

२८ नोव्हेंबर

आज मला दिसली.

पाठमोरी. शेगडीपाशी उकिडवी बसून ढलप्या आत सारत होती. निळा स्वेटर, मी विणलेला, डाव्या कोपराला उसवलेला. मी हाक मारली. वळली नाही. उठायला गेले तर खोलीच फिरली. किती वेळ गेला कळलं नाही. चिमणी शाळेतून आली तेव्हा मी जमिनीवर होते. ती घाबरली नाही. आली होती का, एवढंच विचारलं.

१ डिसेंबर

आता मी शेगडी लवकर पेटवते. मेहुणे गेले की लगेच. लिहायला लाज वाटते. काल वारा नव्हता, ती आली नाही, आणि मी लहान पोरीसारखी रडले. शिवण कोपऱ्यात पडून आहे. डोकं सतत ठणकतं. जेवताना आम्ही तिघंही शेगडीकडे तोंड करून बसतो.

३ डिसेंबर

डोकं आज जागेवर आहे.

काडेपेट्या संपल्या म्हणून बाजारात गेले. उतार संपेपर्यंत डोकं हलकं झालं. मागं एकदा बाजारात आले होते तेव्हाही असंच झालं होतं. हार्डवेअरच्या दुकानदाराला शेगडीच्या दाराच्या फटीत बसवायची, न जळणारी दोरी मागितली. कुठल्या घरातून आलात, त्यानं विचारलं. मी सांगितलं. मग दुकानातली दोन गिऱ्हाइकं जाऊ दिली आणि म्हणाला, तो पाइप अजून तसाच आहे का?

पाइप छपराच्याही वर जायला हवा, तो सांगू लागला. नाहीतर वारा उलटा फिरला की धूर माघारी घरात येतो. आणि धुराबरोबर एक वायू येतो, त्याला ना वास ना रंग. डोकं दुखतं, झोप येते, माणसाला काहीबाही दिसायला लागतं. मग झोप मोडतच नाही. हे त्यानं मेहुण्यांना सामान विकतानाच सांगितलं होतं. आणि बहीण गेल्यावर मेहुणे स्वतः त्याच्याकडे आले होते. असं होऊ शकतं का, एवढंच विचारलं. तो हो म्हणाला. तेव्हापासून ते या दुकानाची पायरी चढलेले नाहीत.

पोलिसांना, डॉक्टरांना, कुणाला का नाही सांगितलं, मी विचारलं. म्हणाला, बाई, दुसऱ्याच्या घरात कोण नाक खुपसतो?

वायूचा अलार्म घेऊन आले. भिंतीवर लावतात, वायू झाला की ओरडतो.

४ डिसेंबर

शेगडी आज फक्त खात्री करायला पेटवली. मेहुणे घरी यायच्या आधीच अलार्म ओरडला. कानठळ्या बसतील असा. मी खिडक्या उघडल्या, चिमणीला अंगणात काढलं. तेवढ्यात ते आले, सरळ भिंतीकडे गेले, अलार्म खाली घेतला आणि त्यातले सेल काढून खिशात टाकले. म्हणाले, जुना माल गळ्यात मारलाय.

मी म्हटलं, तुम्हाला माहीत होतं.

“ताई, शेगडीत दोष नाही.”

मी म्हटलं, ती मेली याच्यानं. आता पोरगी मरेल.

“दोष असला, तर मग तिला मी मारलं असं होतं. होतं ना? तुम्हीच सांगा.”

त्यांनी खिडक्या लावून घेतल्या. दोन ओंडके आत घातले, झडप ओढली आणि तिच्या खुर्चीत ताठ बसले, दात काढून घ्यायला बसतात तसे. म्हणाले, बघा, होतंय का मला काही? गेला सगळा हिवाळा बसलो, आताही बसतो.

चिमणीला घेऊन मागच्या खोलीत आले. दार बंद, खिडकी उघडी. डोळा लागला नाही.

५ डिसेंबर

शाळेला थंडीची सुट्टी लागली. म्हणजे चिमणीही आता दिवसभर घरात.

मेहुणे कामावर गेल्यावर विस्तवावर पाणी ओतलं. सुरळ्या ओढून बाहेर फेकल्या. माझ्या हातच्या सुरळ्या. टाके किती सुबक, एक फट सोडली नाही मी.

उद्याच्या बसनं आपण माझ्या घरी जायचं, असं चिमणीला सांगितलं. ती किंचाळली, माझ्या मनगटाला चावली. म्हणाली, मावशी, तू आईला इथं एकटीला सोडून चाललीस. ती आई नाही ग, असं मी म्हणत राहिले. मलाही ते खोटं वाटत होतं.

आजही झोप नाही.

६ डिसेंबर, सकाळ

मेहुणे दारात येऊन उभे राहिले. डोळे सुजलेले. म्हणाले, पोरीला घेऊन जा थोडे दिवस. पाइपवाल्याला संध्याकाळी घेऊन येतो, छपराला भोक पाडू म्हणतो. मग माझी बॅग उचलून दाराशी ठेवली आणि कामावर गेले. जाताना चिमणीच्या डोक्यावरून हात फिरवला. हे आधी केलं असतं तर — जाऊ दे. केलं हे खूप झालं.

बस दुपारची आहे. चिमणी आज शहाण्यासारखी वागतेय. आपले कपडे आपण घडी केले. शेगडी थंडगार पडलीय, तेव्हा इथंच खुर्चीत जरा टेकते. अंग अगदी आंबून गेलंय. चिमणीनं माझ्या पायांवर पांघरूण घातलं. थंडी वाजते का, विचारलं. गुणाची आहे.

६ डिसेंबर, दुपार

बस वेळेवर आली. खिडकीजवळची जागा मिळाली. चिमणी माझ्या पायाशी डोकं टेकून झोपलीय. घर मागं पडलं, उतार संपला. गाडीत किती छान ऊब आहे. कंडक्टर बाई आहे, निळा स्वेटर घातलाय. तिकीट द्यायच्या आधी तिनं घसा खाकरला. जरा हवा घ्यावी म्हणून खिडकीला हात लावला. काच भाजली. काचेत जाळ —

ही बस नाही.

खुर्ची. तिची खुर्ची. शेगडी पेटलीय. मी विझवली होती. चिमणी सतरंजीवर, मुठीत काडेपेटी. खिडक्या लावल्यात. पोरीला आईचा निरोप घ्यायचा होता, दुसरं काय. सगळं बरोबर रचलं असणार — कागद, काटक्या — शिकवताना शेजारीच तर —

चिमणे, ऊठ. आवाज फुटत नाही. पाय माझे नाहीत. लिहीत राहिले तर झोप येणार नाही. लिहायचं. लिहायचं.

ती आहे. ढलपी घालतेय. थांबव ग. तुझी पोर आहे ही. इकडे बघ की —

वही ठेवते. सरपटत जाते. खिडकी तीन हातांवर —

उघडली. उघडली खिडकी. चिमणीनं डोळे उघडले. हसली. मावशी म्हणाली. बाहेर मेहुणे, पाइपवाला, शिडी. सगळे आले. वारा येतोय तोंडावर, भरभरून येतोय. वारा

गरम का