सिग्नेची पहिली बंदूक

१ सप्टेंबर, शुक्रवार
सिग्ने आज बारा वर्षांची झाली. महिनाअखेरीला मुलांसाठीची फेझंट पाखरांची शिकार सुरू होते. सुरक्षेचा कोर्स तिने उन्हाळ्यातच पास केला आहे. आता बंदूक. ती मी निवडणार. एकटा.
मार्लिस म्हणाली, "तिला दुकानात घेऊन जा, खांद्याला लावून बघू दे. बूट घेताना पाय न्यावा लागतो ना?" बायको दातांच्या दवाखान्यात लोकांचे दात साफ करते. तिला प्रत्येक गोष्ट जवळून बघायची सवय लागली आहे. मी बियाणं विकतो. शेतकरी गाडीतून उतरला की यंदा तो काय पेरणार ते मी सांगतो. पोटच्या पोरीसाठी एक बंदूक निवडता येणार नाही?

२ सप्टेंबर, शनिवार
घेतली. एक नळी, बारा गेज, वजनाला काठीसारखी. मुलगी हलकी, बंदूक हलकी. साधा विचार आहे, पण सुचावा लागतो.
दुकानदार ओडेल नको म्हणत होता. "व्हर्लिन, हलकी बंदूक जास्त लाथ मारते. धक्का पोटात घ्यायला तिच्यात वजनच नाही. वीस गेजची घे, बारीक नळीची, जरा जड, आखूड दस्त्याची. आणि पोरीला घेऊन ये, नेम धरताना तिचा कुठला डोळा चालतो ते बघू."
मी म्हटलं, दोन्ही चालतात.
त्याने पावती फाडली. विक्रेत्याला विक्रेता भेटला की असं होतं.

३ सप्टेंबर, रविवार
चर्चनंतर खडीच्या खाणीत. ड्रमवर भोपळा ठेवला. काडतुसं मुद्दाम जड घेतली होती. सुरुवातीलाच सवय लागलेली बरी.
सिग्नेने चाप ओढला. भोपळा जागच्या जागी. सिग्ने खडीत बसलेली. नाकातून रक्त, ओठ फाटलेला, कारण धक्क्याने तिचाच अंगठा तिच्या तोंडावर आला होता. तिने विचारलं, "लागलं का?" मला वाटलं भोपळ्याबद्दल विचारते आहे. म्हटलं, नाही, तीन फूट वरून गेलं. ती हसली. सगळे दात लाल.
उठली. पुन्हा झाडली. पुन्हा बसली. तिसऱ्यांदा मी तिच्या पाठीमागे उभा राहिलो, तेव्हा आम्ही दोघं बसलो. रडली नाही. आमच्या घराण्याचं रक्त.
मग पकड कशी हवी ते दाखवायला मी कमरेवरून झाडून दाखवली. बंदूक हातातून सुटून मागे उभ्या पिकअपवर गेली. उजवा दिवा फुटला. पकडीचं महत्त्व तिला पटलं असावं.

४ सप्टेंबर, सोमवार
दोष सापडला. दस्ता लांब आहे. सुट्टीच होती, करवतीने कापला. तिरका गेला. सरळ करायला पुन्हा कापला. मग दुसऱ्या बाजूने तिरका झाला.
आता आखूड आणि सुटसुटीत. खाणीत जाऊन स्वतः झाडून पाहिली. वरचा पुढचा दात अर्धा गेला.
बायको दातांच्या दवाखान्यात असल्याची केवढी सोय. तिने स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली माझं तोंड उघडून पाहिलं. जरा जास्तच जोरात उघडलं.

६ सप्टेंबर, बुधवार
शाळेतून फोन. खेळाच्या तासाला कपडे बदलताना नर्सने सिग्नेचा खांदा पाहिला. काळानिळा, कडेला पिवळा. वर फाटका ओठ. एका बाईंनी तिला वेगळ्या खोलीत नेऊन विचारलं, घरी कुणी मारतं का? सिग्नेने खरं ते सांगितलं: "नाही. बाबा फक्त बंदूक देतो."
याने प्रकरण शांत झालं नाही.
माझी पाळी आली तेव्हा मी धक्क्याचं शास्त्र समजावलं. वजन, बारूद, छर्रे. बाई लिहून घेत होत्या, मला बरं वाटलं. मग मार्लिस कामावरून आली, दोन-तीन वाक्यं बोलली आणि आम्हाला घरी जायला मिळालं. ती काय बोलली ते मला बाहेर बसवल्यामुळे कळलं नाही.
गाडीत ती म्हणाली, "तिच्या अंगावर आणखी एक डाग दिसला ना..." आणि काच खाली घेतली. भावना अनावर झाल्या असाव्यात.

१० सप्टेंबर, रविवार
चर्चमध्ये सगळे माझ्याकडे बघत होते. दातामुळे असेल.
बाहेर गाड्यांपाशी मेव्हणा आला. आर्लेन. टर्कीच्या कत्तलखान्यात काम करतो, हाताचे पंजे फावड्यासारखे. शांतपणे म्हणाला, "भावजी, चष्मा काढा." मला वाटलं, त्याला नवी फ्रेम बघायची आहे. काढून दिला. त्याने तो जपून गाडीच्या टपावर ठेवला आणि माझ्या डोळ्याखाली ठोसा मारला.
मीही सोडलं नाही. त्याचा दुसरा ठोसा माझ्या तुटक्या दातावर बसला आणि त्याची दोन बोटं फाटली. बरंच रक्त होतं, निम्मं त्याचं. मग मी खाली पडून त्याचा पाय धरला आणि तो सोडला नाही. पाद्री मध्ये पडले, त्यांना कोपर लागलं.
शेवटी सिग्ने मध्ये उभी राहिली. "मामा, पुरे. बाबा मुद्दाम नाही करत. त्याला कळत नाही."
सगळ्यांसमोर माझी बाजू घेतली पोरीने. डोळ्यांत पाणी आलं. एका डोळ्यात, दुसरा उघडत नाही.

१६ सप्टेंबर, शनिवार
नवा निश्चय: धक्काच नको. ओडेलकडून फोर-टेन आणली. बोटाएवढं काडतूस, लहानशी नळी. त्याचं रडगाणं सुरूच: "मूठभर छर्रेही नसतात हिच्यात. मुरलेल्या शिकाऱ्यांचीसुद्धा हिच्यापायी फजिती होते. नवशिक्याच्या हातून पाखरू मरत नाही, नुसतं जखमी होतं." हा माणूस धंदा कसा करतो कळत नाही.
दुपारी शेजाऱ्यांच्या कोठारावर कबुतरं मारायला गेलो. त्यांना ती नकोच आहेत. धक्का खरंच नाही. सिग्नेने बऱ्याच झाडल्या, सगळ्या आभाळात. मग एक लागली.
कबुतर कोठाराच्या दाराशी पडलं. एक पंख मोडून अंगाखाली आला होता आणि ते दुसऱ्या पंखाने जमीन मारत गोल गोल फिरत होतं. मातीत रक्ताचं वर्तुळ. त्याचा डोळा उघडा.
सिग्ने म्हणाली, "बाबा, काय करू?"
मला गाडीचं टायर बघायचं होतं. बघितलं. हवा ठीक होती. इतर टायरही बघितले.
परत आलो तेव्हा ती गुडघ्यांवर बसली होती. कबुतर पोटाशी धरलेलं, मान मोडलेली. तिनेच मोडली. पहिल्यांदा नीट मोडली नाही, म्हणाली, पुन्हा मोडावी लागली. मग नळावर हात धूत राहिली. रक्त गेल्यावरही धूत होती.
मी म्हटलं, बघ, बसला ना नेम.
ती नळ बंद करून गाडीत जाऊन बसली.

१७ सप्टेंबर, रविवार
सिग्ने म्हणते शिकारीला जायचं नाही. पहिल्या यशानंतर असं होतं. उत्साह आत मुरतो.

२३ सप्टेंबर, शनिवार
मार्लिस सिग्नेला घेऊन ओडेलकडे गेली. मला न सांगता. शिकारीला जायचं म्हणून नाही, मार्लिस म्हणाली, पोरीच्या मनातून भीती जावी म्हणून.
वीस गेज. जरा जड, दस्ता आखूड. आपोआप भरणारी, निम्मा धक्का स्वतःच गिळते. शिवाय सिग्नेचा डावा डोळा चालतो म्हणे. म्हणजे मी तिला इतके दिवस उजव्या खांद्यावरून झाडायला लावत होतो. डाव्या खांद्याला बंदूक लावली आणि सरावासाठी उडवलेल्या मातीच्या तबकड्या हवेत फुटायला लागल्या. मार्लिसने सांगितलं. नेम कसा धरायचा तेही तिनेच शिकवलं. ती लहानपणापासून आर्लेनबरोबर शिकारीला जायची. मला हे बहुधा सांगितलं होतं.
रात्री जेवताना सिग्ने म्हणाली, मी जाईन. पण नीट मारता आलं तरच मारीन.
चुकीच्या दोन बंदुका मी आधीच बाद करून ठेवल्या नसत्या, तर यांना योग्य कुठली ते कळलंच नसतं. हे कुणी बोलून दाखवलं नाही.

३० सप्टेंबर, शनिवार
शिकारीचा पहिला दिवस. एका मोठ्या माणसाने सोबत जायचं, बंदूक न घेता. सिग्नेने आईला निवडलं. मला वाईट वाटलं नाही.
तरी मदत करावी म्हणून मी मक्याच्या पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला गेलो. पाखरं त्यांच्याकडे हाकलायची. सांगितलं नाही, आश्चर्य वाटावं म्हणून. माणूस लांबून दिसावा म्हणून शिकारी घालतात ती केशरी टोपीही घातली नाही, पाखरं बिचकतात. मातकट जाकीट, गुडघ्यांवर रांगत.
फेझंटचा एक कोंबडा माझ्या नाकाखालून उडाला, जमिनीलगत, सरळ त्यांच्या दिशेने. मी बघायला उठलो.
चाळीस पावलांवर सिग्ने. बंदूक खांद्याला. नळीचं काळं भोक माझ्याकडे. गोल असतं ते. इतकं गोल मी कधी पाहिलं नव्हतं.
तिने नळी आभाळाकडे नेली. कोंबडा तिच्या कानाजवळून निघून गेला. मग तिने सगळी काडतुसं काढली, बंदूक गवतात ठेवली आणि ओकली.
मार्लिस मका तुडवत आली आणि माझ्या थोबाडीत मारली. उजव्या गालावर, मग डाव्या. मग माझी कॉलर धरून मला हलवत राहिली आणि नुसतीच रडत राहिली. "पोरीने तुला मारलं असतं रे. जन्मभर तिला ते वागवावं लागलं असतं. तुला काय, तू मेला असतास!"
पोरगी संयम शिकली. तो दुकानातून बंदुकीबरोबर मिळत नाही. अक्षर वाकडं येतं आहे, थंडीने.

७ ऑक्टोबर, शनिवार
पिकअपमध्ये बसून लिहितो आहे. सिग्नेची अट: बाबा आला तर गाडीत बसेल. किल्ली मार्लिसच्या खिशात. हीटर चालत नाही, पण दृश्य छान आहे.
त्या दोघी पलीकडच्या उतारावर, दोन केशरी ठिपके. एकच बार ऐकू आला. नंतर शांत. दुसरा नाही.
सिग्ने एकटी चालत आली. काच खाली घ्यायला सांगितली. नर फेझंट, हिरवी मान, नेम डोक्यात, बाकी अंगाला छर्रा नाही. पडतानाच मेला होता म्हणाली. हनुवटी थरथरत होती, पण हात स्थिर होते. तिने पाखरू माझ्या मांडीवर ठेवलं. गरम होतं.
मला बंदुकीबद्दल बरंच सांगायचं होतं. नळीची लांबी, पुढच्या वर्षी वाढणारा खांदा, दस्ता कधी बदलायचा. सुरुवातही केली.
ती म्हणाली, "बाबा, पिसं काढशील?"
मी म्हटलं, काढतो. मग पुढच्या पट्ट्यात येऊ का?
ती म्हणाली, "नको." मग म्हणाली, "काच वर घे, पिसं उडतील."