पट्टा बांधून आखणी

सोम. ३ जून ९६. पेण

सकाळच्या एस.टी.नं आले. दर जूनला रोह्याहून माहेरी येते ती पाहुणी म्हणून नाही, कामाला. गणपतीपर्यंत सोम. ते शनि. इथं, रवि. घरी. बाबांच्या मागे मूर्तींचा कारखाना दादा बघतो. रंग कोणीही मारतं, डोळ्यांची आखणी माझ्याकडे. सतरा वर्षं झाली.

आल्या आल्या माडीवर जाऊन पट्टा बांधला. क्रेप बँडेज, चार वेढे, छातीवर आवळून. फळीवर मूर्ती, फळीच्या कडेशी मी, आणि मधे ही. न बांधता बसलं तर मूर्ती हातभर लांब राहते. डोळा लांबून आखता येत नाही. पट्ट्याचं कोणाला माहीत नाही, वहिनीलाही नाही.

(छाती हा शब्द सारखा लिहायला नको, वही कोणाच्या हाती लागली तर. नुसतं छा. लिहीन.)

उजव्या करंगळीला मुंग्या. पहिल्याच दिवशी.

गुरु. ६ जून

बाजारात गेले, आतलं घ्यायला. काउंटरवर पुरुषच. "बेचाळीसच्या पुढे नाय येत ताई, पनवेलला बघा." पनवेलवाला म्हणतो दादरला बघा. मागची बाई मान वाकडी करून बघत होती, एवढी कोण म्हणून. बेचाळीसचीच घेतली. मागं हुकांना पट्टी जोडून घेईन.

शिंप्याकडे पण तेच. "ताई, सव्वा मीटर आणा." अख्ख्या जगाला ब्लाउजला ऐंशी सें.मी. पुरतं.

खांद्यांवर दोन खड्डे पडलेत. बोट बसतं त्यात.

रवि. ३० जून

अधिक महिना, म्हणून जावयाला अनारशांचं वाण. हे पेणला आले होते. वहिनीनं तेहतीस अनारसे केले, एकही फसला नाही. दादानं फोटो काढला. मी ताट छा.पुढं धरून उभी. फोटोत मी नेहमी काहीतरी धरलेली असते. लग्नात हार, बाळूच्या बारशाला बाळू, आज अनारसे.

बाळूच्या वेळचं आठवलं. सगळ्या म्हणायच्या, पोराला दुधाची ददात नाही. बाराव्या दिवशी दूध आटलं. डब्याच्या पावडरवर वाढला. दूध येत नाही म्हटलं तर बाया माझ्याकडे बघायच्या आणि हसायच्या. आता आठवीत आहे तो.

मंगळ. ९ जुलै

करंगळी आणि शेजारचं बोट, दोन्ही बधिर. सकाळी ब्रश निसटला. दादा म्हणाला, दाखवून ये.

डॉक्टर दादाच्या ओळखीचे. कुठं दुखतं? म्हटलं, मान. जड काही उचलता का? म्हटलं, नाही. त्यांनी एकदा बघितलं, मग टेबलावरच्या कागदाकडेच बघत राहिले. मानेला पट्टा दिला.

आता दोन पट्टे झाले.

शनि. २० जुलै. रोहा

वडखळला एस.टी. गच्च भरली. पिशवी पुढं धरली. शेजारच्याचं कोपर. मी पिशवी सरकवली, त्यानं कोपर सरकवलं. पूर्वी राग यायचा, एकदा चप्पल पण काढली होती. आता नुसता कंटाळा येतो. नागोठण्याला उतरला.

सासूबाई दारातच, "मानेला काय बांधलंस गो? बैल दिसतेस." त्यांचं माहेर खाडीकडचं, तोंडात येईल ते बोलतात.

पावसाळ्यात छा.खाली कातडी सोलवटते. खोबरेल, वर पावडर. दोन दिवस बरं वाटतं, मग परत तेच.

सोम. ५ ऑगस्ट. पेण

आज सोंड तुटली.

बाबांनी शिकवलं होतं, वरच्या पापणीची रेघ एका श्वासात. सोडायचा नाही, धरून ठेवायचा. आज चार वेढे, मानेचा पट्टा आणि वर धरलेला श्वास. डोळ्यांपुढं काळं आलं. पडले नाही, नुसती कलंडले. शेजारच्या मूर्तीवर छा. आपटली आणि शाडूची सोंड मधोमध गेली. मूर्ती पाटावर चढवलेली. गिऱ्हाईक आपापला पाट आधीच आणून देतं, मागं नाव लिहिलेलं असतं. हा गावातल्या एका मास्तरांचा. बाबांचा नेम, जोडलेली मूर्ती द्यायची नाही. म्हणजे दादानं पहिल्यापासून दुसरी करायची.

दादा म्हणाला, "वैजू, झोप नाय झाली काय?"

म्हटलं, नाही झाली.

रंगकामाच्या बाया कोपऱ्यात. एक म्हणाली, "धक्का कशाचा बसला म्हणायचा?" बाकीच्या खाली बघून हसल्या. मला ऐकू आलं. त्यांनाही माहीत होतं की मला ऐकू आलं.

बुध. ७ ऑगस्ट

दादा ब्रश धूत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "यंदा डोळे जरा तुझी वहिनी बघेल. तू पितांबरं घे."

पितांबर म्हणजे पिवळा रंग, मोठा ब्रश, लांबून मारता येतो. मी बरं म्हटलं. दिवसभरात चौदा पितांबरं केली.

काही वाटलं नाही. वाटायला पाहिजे होतं.

शनि. १० ऑगस्ट. रोहा

इथं नवीन लेडी डॉक्टर आल्यात. बायका चांगलं म्हणतात. गेले. मान म्हणून सुरुवात केली, त्यांनी ब्लाउज काढायला सांगितलं. पट्टा सकाळचाच, सवयीनं बांधलेला, सोडायला वेळ नव्हता. त्यांनी स्वतः सोडला. वळ बघितले.

"हे किती वर्षं?"

"सतरा."

खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, मानेला काही झालेलं नाही तुमच्या. हे वजन, आणि वर हा पट्टा. खांद्यात नस दबतेय. पट्टा आजपासून बंद, नाहीतर बोटं परत यायची नाहीत.

मग म्हणाल्या, ऑपरेशन करून कमी करता येतं. मुंबईला सरकारी हॉस्पिटलात होतं. चिठ्ठी देते.

कमी करता येतं हे मला माहीत नव्हतं. चौतिसाव्या वर्षी कळलं. घरी येताना भाजी घ्यायची विसरले.

रवि. ११ ऑगस्ट. रोहा

ह्यांची आज सुट्टी. कंपनीत कालच दुसरी शिफ्ट संपली. जेवायच्या आधी सांगितलं. आधी हसले. "बायका त्याच्यासाठी झुरतात."

मग, "मला विचारलंस का?"

"विचारतेच आहे."

सासूबाई मोरीपाशी कोलंबी साफ करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कापून टाक गो. माझी बहीण मिठागरावर टोपल्या वाहायची, तिचं पण असंच. चाळिशीत वाकली ती. पोर झालं, मोठं झालं. आता काय त्यांची पूजा करायची हाय?"

हे उठून बाहेर गेले. मला हसू यायला पाहिजे होतं. कोलंबी झकास झाली होती. हे जेवायला आले तेव्हा गार झालेली.

शुक्र. २३ ऑगस्ट

मुंबई. हे सोबत, रजा टाकून.

पडद्यामागं उभं केलं. शिकाऊ डॉक्टर सहा. एकानं पेनानं खुणा केल्या, एक मापं मोठ्यानं सांगत होता, एक लिहीत होती. साच्यातून काढलेली मूर्ती आम्ही अशीच फिरवून बघतो, कुठं खोट राहिली का. लाज नाही वाटली. पाय दुखले.

मोठे डॉक्टर सज्जन. म्हणाले, तिथली जाणीव कायमची जाऊ शकते. हात लावलेला कळणार नाही. चालेल?

म्हटलं, चालेल.

"विचार करून सांगा."

म्हटलं, आता तरी कुठं कळतंय.

त्यांनी चष्मा काढून पुसला. दाखल व्हायचं सोम. ९ सप्टें. पुढं सहा आठवडे हात खांद्याच्या वर नाही. आलात नाही तर नंबर पुढच्या वर्षी, आणि बोटांचं मग सांगता येत नाही. यजमानांची सही लागते. कागद ह्यांच्या हातात दिला. त्यांनी घडी घालून खिशात ठेवला.

गणपती १६ ला. ९ पासूनचा आठवडा म्हणजे आखणीची ऐन घाई.

मंगळ. २७ ऑगस्ट. पेण

वहिनी फळीशी बसून रडत होती, हातात ब्रश तसाच. "वन्सं, माझे डोळे घाबरल्यासारखे दिसतात." खरं आहे. रेघ चांगली, पण सगळे गणपती दचकलेले. एक गिऱ्हाईक विचारून गेलं, यंदा आखणी कोणाची. पाट परत नेऊ का, असंही म्हणालं. बाबांच्या वेळेपासून त्यांच्या घरची मूर्ती आमच्याकडची.

मग तिनं सरळच विचारलं. तुमचा हात सुन्न का पडतो?

माडीवर नेलं तिला. खांदा दाखवला, पट्ट्याचे वळ दाखवले. तिनं खड्ड्यात बोट ठेवलं आणि लगेच काढलं.

"ह्यांना सांगू?"

"सांग. मी नसताना."

मुंबईचं मात्र नाही सांगितलं. का नाही, माहीत नाही. ह्यांनी अजून सही कुठं केलीय.

शुक्र. ३० ऑगस्ट

वहिनीनं सांगितलेलं दिसतंय. दादा जेवताना ताटातून डोळे वर काढत नाही. भात वाढायला मी गेले तर "बास" म्हणाला, वाढायच्या आधीच.

पितांबरं संपली. आता शेले.

गुरु. ५ सप्टें.

हे दुपारी पेणला आले. कारखान्यात नाही आले, एस.टी. स्टँडवर बोलावलं. कँटीनमधे बसलो. कागद टेबलावर ठेवला, सही केलेली. बॉलपेन जोरात दाबलेलं, मागून उमटलंय.

"आत्ता तर आत्ता. परत मला विचारू नको."

"बरं."

चहा आला. बशीत ओतून प्यायले. मग म्हणाले, "फार दुखेल का?"

म्हटलं, माहीत नाही.

"रविवारी दुपारी ये. सोमवारी पहाटे निघू. मी आठवडा रजा घेतलीय."

म्हटलं, हो. येते.

गाडी लागल्यावर खिडकीतून बघत होते माझ्याकडे. तोंडाकडे. लग्नाला पंधरा वर्षं झाली, असं कधी बघितल्याचं आठवत नाही.

आता दादाला सांगायचं. उद्या सांगीन.

शनि. ७ सप्टें.

काल नाही सांगितलं.

आज जेवून खाली आले तर आखणीच्या फळीची कड अर्धगोल कापलेली. मी बसते तिथंच. दादानं करवतीनं कापून, कानसीनं घासून, कडेला जुन्या सतरंजीची पट्टी ठोकलीय, टोचू नये म्हणून. स्वतः तिकडं कोपऱ्यात पाठमोरा, साचा पुसत बसलेला. बायांनी आधी फळी बघितली, मग मला. आज कोणी हसलं नाही. मला वाटलं तिथंच भुई फाटून आत जावं.

उभी राहिले तर सगळे बघणार, बसले तरी बघणार. बसले. पट्टा नाही, मानेचाही नाही. माप बरोबर. नजरेनंच घेतलं असणार त्यानं. मूर्तीचं तोंड वीतभरावर आलं, कधी आलं नव्हतं इतकं. करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवली. टेकली ते कळत नाही, पण टेकते. श्वास धरला. एक डोळा. मग दुसरा. सरळ आला, शांत आला.

मग राग आला. इतका की ब्रश खाली ठेवावा लागला. एका दुपारचं काम होतं. करवत कारखान्यातच, फळी कारखान्यातलीच. सतरा वर्षं मी माडीवर जाऊन चार वेढे बांधले, आणि मूर्तीच्या बोटातला सुताचा फरक ओळखणारा हा माणूस तीन हातांवर बसून होता. आणि मी तोंड शिवून. कोणाचा राग म्हणू? सगळ्यांचा आला. बाबांचा पण.

वहिनीनं पाणी आणून दिलं. प्याले आणि परत बसले. अकरा मूर्ती झाल्या.

पाच वाजता दादा आला. मूर्ती बघितल्या, मला नाही. "बसतंय नीट?"

"बसतंय."

"अठ्ठावीस राह्यलेत. सोमवारपासून तूच कर. त्या गिऱ्हाइकाला कळवलंय मी, वैजू आखतेय म्हणून."

मी हो म्हटलं.

परवा ह्यांनाही हो म्हटलं होतं. दोन्ही वेळा मनापासून. उद्या दुपारी साडेतीनची रोहा गाडी आहे, आणि वहिनी खालून विचारतेय, उद्या डबा देऊ का बरोबर, की राहताय.