कपाट, दार आणि हट्टाचे अरबी शब्द

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (वाकून म्हणजे मनातून, कंबर धरली आहे, कारण पुढे येईलच). तुझे गुडघे कसे आहेत? इकडे सगळे मजेत, म्हणजे बाबा सोडून आणि बाबांमुळे मी सोडून.

आमच्या भाषांतराच्या कचेरीत सध्या अरबी-इंग्रजी कोशाचं काम चाललंय आणि माझ्या वाट्याला आलाय हट्ट (साहेब म्हणाले, तुम्हाला घरचा अनुभव आहे). अरबीत हट्टाला शब्द इतके, की इंग्रजी प्रतिशब्द शोधता शोधता माझी मती गुंग झाली. अनीद म्हणजे स्टबर्न, इथवर ठीक. इसरार म्हणजे पर्सिस्टन्स, आपली चिकाटी. पण चिकाटी संपून हेका कुठे सुरू होतो, हे कोणीच सांगेना. आणि मुकाबरा म्हणजे आपलं चुकलंय हे पुरतं कळूनही कबूल न करणं! साहेबांना याला इंग्रजीत एकच शब्द हवाय. शेवटी मी एकेक शब्द घरच्या माणसांना घालून बघायला लागलो आणि तिथेच घोळ झाला.

बाबांनी तुझ्या नव्या घरासाठी केलेलं कपाट तुझ्या दारातून आत गेलं नाही, तेव्हापासून ते आमच्या बोळकांडीत उभं आहे. बाबा म्हणतात दार लहान, तू म्हणतेस कपाट मोठं. वर्ष होत आलं, दोघांचा अबोला, आणि आडवा होऊन सरकतो मी (कंबर!). बाबांना अनीद म्हणावं, तर तू कोण? तुझ्या हट्टाला इसरार म्हणावं, तर बाबांनी काय घोडं मारलंय? अरबीत हट्टी माणसाला वाळलेल्या डोक्याचा म्हणतात, असं मी बाबांना मुद्दाम ऐकवलं. सुतार तो सुतारच. म्हणाले, "बरोबरच आहे. ओलं लाकूड मागाहून वाकतं." वर खूशही झाले. पण फोन वाजला की त्यांचा घास हातातच राहतो, ताई. मला ते बघवत नाही.

तुझा,
गोंधळलेला धाकटा

ता. क. काल कचेरीतून आलो, तर अंग न चोरता बोळकांडीतून आत गेलो. खाली भुसाच भुसा. कपाट चांगलं चार बोटं अरुंद झालंय. विचारलं, तर बाबा म्हणाले, कसला भुसा? कपाट पहिल्यापासून एवढंच आहे.

पुन्हा ता. क. रविवारी कपाट आणि बाबा, दोघांना घेऊन येतोय. कपाट सरळ आत जाईल. बाबा म्हणतील, दार मोठं करून घेतलंस ते बरं केलंस. तू फक्त "हो बाबा" म्हण. शक्यतो मराठीतच, म्हणजे मला भाषांतर करावं लागणार नाही.